बाळाच्या ताटात काय आहे?

(युवा अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



भिवंडी, मालेगाव, गोवंडीच्या वस्त्यांत मूल वयाच्या मानानं लहान दिसलं की घरचे म्हणतात, "बाप बुटका, म्हणून मूलही बुटकं." मला आज या समजुतीवर बोलायचं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे 35 टक्के मुलं खुजी आढळली. एवढी मुलं केवळ आईबापावर गेली म्हणून खुजी राहत नाहीत. गरोदर आईचं कुपोषण, बाळाचा अपुरा आहार आणि अस्वच्छ पाण्यामुळे पुन्हापुन्हा होणारे जुलाब ही त्यामागची कारणं आहेत. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत सर्वाधिक नुकसान होतं. उंचीबरोबर मेंदूच्या वाढीवरही परिणाम होतो आणि तो पुढे भरून काढणं फार कठीण असतं.

दोन वर्षं दूध पाजण्याची आपली रीत चांगली आहे, ती टिकवा. पण सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही. तेव्हा बाळाच्या हातात काय येतं? चहात बुडवलेला टोस्ट, बिस्किट, पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट. पोट भरतं, पण वाढ होत नाही. शिवाय चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

त्याऐवजी घरातलीच घट्ट खिचडी द्या. त्यात चमचाभर तेल, कुस्करलेलं अंडं किंवा मऊ शिजलेला खिमा घाला. डाळ, भाजी, केळं द्या. आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, नंतर तीन-चार वेळा. भरवण्याआधी साबणानं हात धुवा.

हे सगळं एकट्या आईवर टाकू नका. सूरह बकरामध्ये जिथं दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, तिथंच आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर ठेवली आहे. तरीही आपल्या घरांत गरोदर सून सर्वांत शेवटी जेवते. हे बदलायला सरकारी योजना लागत नाही.

योजनेचा हक्कही सोडू नका. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. तुमच्या गल्लीतल्या किती मुलांची तिथं नोंद आहे, हे या आठवड्यात पाहा. त्यांची उंची मोजून घ्या. दोन वर्षं पूर्ण झालेली मुलगी 79 सेंटिमीटरपेक्षा किंवा मुलगा 81 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर डॉक्टरांना दाखवा. त्याहून लहान मुलांकडे आधी लक्ष द्या, कारण त्यांच्या हातात अजून वेळ आहे.