उतारा घ्या, वही सोडा

समजा, शाळेच्या कपाटातल्या जमाखर्चाच्या जुन्या वहीतली एकच ओळ तुम्हाला हवी आहे. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवून बसलात. तेवढ्यात शिपाई रद्दी काढायला आला. तो काय करील? बोट दिसते आहे, म्हणजे वही कामाची आहे, असे समजून ती ठेवून देईल. ओळ एक, पण अडली सारी वही!

संगणकाच्या मेमरीतही असेच घडते बरं का. काम संपले की अडवलेली जागा मोकळी करावी लागते. लिहिणारा विसरला तर जागा अडून राहते. घाईने मोकळी केली, तर चालू कामाची माहितीच बिघडते. जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या लिस्प भाषेवरील निबंधात हा भार यंत्रावरच टाकला. चालू कामापासून निघायचे, पत्त्यामागून पत्ता धरत जायचे आणि जे जे गाठता येईल त्यावर खूण करायची. खूण नसेल तो केर.

पण पत्ता नेहमी वहीच्या पहिल्या पानाचाच असतो असे नाही. मधल्या ओळीचाही असतो. गो नावाच्या भाषेत केर काढणारे यंत्र अशा मधल्या पत्त्यावरूनही मूळ वस्तू ओळखते आणि ती सबंध राखते. जागा अखंड दिलेली असते, म्हणून ती परतही अखंडच घ्यायची. अर्धी वही रद्दीत घालता येत नाही.

यात सुरक्षितता आहे, पण तिची किंमतही आहे. जावा भाषेत २०१२ पर्यंत मोठ्या मजकुरातून काढलेला तुकडा मूळ अक्षरांकडेच बोट दाखवी. दहा अक्षरांपायी लाख अक्षरे अडून राहू शकत. त्या वर्षीच्या सुधारणेपासून तुकड्याची वेगळी नक्कल होऊ लागली. नक्कल करायला वेळ लागतो खरा, पण मूळ मजकूर सुटतो. गो भाषेत मात्र तुकडा आजही मूळ जागेलाच धरून असतो. नक्कल हवी तर लिहिणाऱ्याने ती स्वतः करायची.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना एवढे जरूर सांगा, की हे यंत्र प्रामाणिक आहे, पण मनकवडे नाही. तुमचे बोट कुठे आहे ते त्याला दिसते. तुम्हाला हवे किती, ते दिसत नाही. म्हणून मोठ्या वहीतले थोडेच फार दिवस लागणार असेल, तर त्याचा उतारा घ्या आणि बोट उचला.