कोऱ्या पानावरचा अंगठा
(उत्पादक कंपनीच्या सभासदांपुढें एका गांवच्या शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



गेल्या आठवड्यांत आपल्या कंपनीचा मनुष्य एक वही घेऊन घरोघर फिरला. "सही करा, नाहींतर अंगठा उठवा, नुसती हजेरी आहे," असें सांगत होता. आमच्या घरीं आईच्या नांवें भाग आहे. तिनें अंगठा पुढें केला, तेवढ्यांत मीं वही मागून घेतली. पाहतों तों वरची जागा सगळी कोरी, आणि खालीं साठसत्तर सह्या! मीं वही तशीच परत दिली. थोरले बंधु मजवर अजून रागावलेले आहेत. "मास्तर, गांवांत राहायचें आहे," असें ते म्हणतात. त्यांचेंही खोटें नाहीं. पण आज मी बोलायला उभा राहिलों तो त्या वहीमुळेंच.

कागदावरचा अंगठा आपल्या घराण्यांना नवा नाहीं. सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं कुणबी उठले आणि त्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. तो दंगा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला, आणि त्यापायींच सन १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा झाला. खतांत काय लिहिलें आहे हें त्या बिचाऱ्यांना वाचतां येत नव्हतें. आज आपलीं पोरें वाचतात. तेव्हां लेखणी कुळकर्ण्याची होती असें आपण म्हणतों, आणि तें खरेंच होतें. आतांचा वहीवाला मात्र आपल्याच भावकींतला आहे. भावकींतला आहे म्हणून वाचूं नये काय?

आधीं कंपनी म्हणजे काय तें पाहूं. लंडन शहरीं आरन सालोमन नांवाचा बूट करणारा कारागीर होता. सन १८९२ सालीं त्यानें आपल्या धंद्याची कंपनी केली. भाग एकंदर २०,००७. बायको, एक मुलगी व चार मुलगे यांचा प्रत्येकीं एक. बाकीचे २०,००१ त्याचे एकट्याचे. पुढें धंदा बुडाला. देणेकऱ्यांच्या वतीनें असें भांडण झालें कीं, कंपनी कसली, हा सगळा सालोमनच! खालच्या कोर्टांना तें पटलें. परंतु सन १८९६ सालीं हौस ऑफ लॉर्ड्सनें निकाल दिला कीं, कंपनी ही निराळी व्यक्ति व सालोमन निराळा. कंपनीचें कर्ज त्याच्या अंगावर येत नाहीं.

या निकालाचा आपणांस फायदा असा कीं, कंपनी बुडाली तर आपल्या भागाचे पैसे जातील, पण घर व बैल जाणार नाहींत. पण याची दुसरी बाजू कोणी सांगत नाहीं. कंपनी निराळी, म्हणून तिचें गोदाम अध्यक्षांचें नव्हे, तिची मोटार त्यांच्या जांवयाची नव्हे.

सालोमनच्या कंपनींत नांवें सात होतीं आणि हुकूम एकाचा. जितके भाग तितकीं मतें, हा साध्या कंपनीचा रिवाज. आपल्या कंपनीचा कायदा तसा नाहीं. अर्थशास्त्रज्ञ य. कि. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून सन २००२ मध्यें तो झाला, आणि सन २०२१ पासून तो २०१३ च्या कंपनी कायद्यांत एकविसावें-अ प्रकरण म्हणून बसला आहे. दहा उत्पादक मिळून अशी कंपनी काढूं शकतात. उत्पादक म्हणजे नुसता शेतकरी नव्हे. हातमागवाला, हातकाम करणारा कारागीर हाही त्यांत येतो. आणि प्रत्येक सभासदाला मत एक. शंभर भागवाल्याला एक, एका भागवाल्या मावशीलाही एकच. भाग मावशीच्या नांवें असेल तर मत मावशीचें. काकांनीं सही करून भागत नाहीं.

मात्र यांत एक खोंच आहे. नियमावलींत तसें लिहिलें असेल तर जो सभासद कंपनीला माल घालीत नाहीं त्याचें मत बंद करतां येतें. म्हणून माल घातल्याची पावती जपून ठेवा. आमच्याकडे पावत्या चुलीजवळच्या फळीवर असतात आणि पावसाळ्यांत चूल पेटवायला जातात.

आतां वहीकडे येतों. वार्षिक सभेची लेखी सूचना निदान चौदा दिवस आधीं पाहिजे. तिजबरोबर सभेपुढील कामें, मागच्या सभेचा वृत्तांत, तपासलेला हिशेब आणि चालक म्हणून उभे राहणारांचीं नांवें पाहिजेत. सभेला एकचतुर्थांश सभासद हजर पाहिजेत. आपण चारशें आहोंत, म्हणजे शंभर माणसें बसल्यावांचून सभा होत नाहीं. वही घरोघर कां फिरते तें आतां कळलें ना? आणखी ऐका. चालकाला किंवा त्याच्या नातलगाला कंपनींतून कर्ज द्यावयाचें तर तें सभासदांच्या सभेच्या मंजुरीनेंच देतां येतें. त्या कोऱ्या जागेंत उद्यां असाच ठराव लिहिला गेला, तर खालचे अंगठे कोणाचे?

मी कोणावर चोरीचा आळ घेत नाहीं. कदाचित् वहीवाल्यालाही कांहीं ठाऊक नसेल.

सोसायटींत कांहीं बिघडलें तर आपण निबंधकाकडे धांवतों. सन १९६० च्या सहकारी कायद्यानें तो चालकमंडळ बरखास्तही करूं शकतो. कंपनींत तो निबंधक येत नाहीं. तेथें एकतृतीयांश सभासदांनीं, म्हणजे आपल्यांतील एकशें चौतीस जणांनीं, विषय लिहून सह्या दिल्या तर चालकांना खास सभा बोलवावीच लागते. कारभाराबद्दल तंटा झाला तर तो सन १९९६ च्या कायद्याप्रमाणें समेटानें किंवा लवादानें तोडावयाचा. त्याला दोन्ही बाजूंची लेखी संमति आहे असेंच कायदा धरून चालतो. तेव्हां कोर्टाची पायरी चढण्याआधीं हें ध्यानांत असूं द्या.

कंपनीच्या कचेरींतून मीं नियमावलीची प्रत मागून आणली आहे. ती इंग्रजींत आहे. येत्या रविवारीं दिवेलागणीला शाळेच्या ओट्यावर मी ती कलमवार मराठींत सांगणार आहें. ज्यांनीं त्या वहींत सह्या केल्या आहेत त्यांनीं जरा लवकर यावें. सही कोणत्या मजकुराखालीं घेतली असें विचारणारा अर्ज त्यांच्या नांवानें आधीं लिहावयाचा आहे.