भरल्या नावेचा वेग
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



परदेशातून सुट्टीवर आलेल्या सभासदाने तेथील काही अनुभव सांगावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. उद्योग, शिक्षण, वधुवरसूचन या विषयांवर बोलण्यास येथे आमच्याहून अधिकारी वक्ते आहेत. म्हणून आम्ही एका लहानशा वस्तूविषयी बोलण्याचे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे हवा भरून फुगविण्याची मोटर-नाव. विषय ऐकून काहींच्या मुखावर स्मित उमटेल. परंतु या नावेने आमच्या कुटुंबापुढे जो प्रश्न उभा केला, तो सर्वच कुटुंबांचा आहे, असे आम्हांस वाटते.

ही नाव खेळण्यातली नव्हे. फ्रान्समधील झोडियाक ही संस्था प्रथम विमाननौका बांधीत असे. तेथील अभियंते पियेर देब्रूतेल यांनी १९३० च्या दशकात हवेच्या नळ्यांची नाव सिद्ध केली. १९५२ साली आलँ बोंबार नावाचे फ्रेंच वैद्य अशाच एका नावेतून, शिडाच्या साहाय्याने, एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडून बार्बाडोसला पोहोचले. आपल्याकडेही २०१९ साली सांगली-कोल्हापुरास आणि २०२१ साली चिपळुणास महापुराने वेढले, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी याच जातीच्या नावांतून माणसे बाहेर काढली. ज्या नावेने संकटात माणसे तारली, तीच सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन जाते. तिच्याविषयी आदर असावा तो यासाठी.

आम्ही सहकुटुंब न्यूझीलंडमध्ये राहतो. आम्ही उभयता, दोन मुले आणि आमच्या मातोश्री, अशी पाच माणसे. त्या देशातील सर्वांत मोठे सरोवर टाउपो. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी झालेल्या प्रचंड ज्वालामुखीच्या उद्रेकातून त्याचा खळगा निर्माण झाला. विस्तार सहाशे चौरस किलोमीटरांहून अधिक. त्याच्या तळभूमीची मालकी न्गाती तूफारेतोआ या माओरी ज्ञातीकडे आहे. १९९२ साली सरकारने तसा करार केला. पाणी सर्वांना मोकळे, परंतु ते कुणाच्या तरी पूर्वजांचे आहे, हे भान तेथे पाळले जाते. उत्तर किनाऱ्यावरील एका कड्यावर मातही फाकाताका-ब्राइटवेल या शिल्पकाराने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपले पूर्वज न्गातोरोइरांगी यांची भव्य मुखाकृती कोरली. तिची उंची दहा मीटरांहून अधिक आहे. ती पाहावयाची तर नावेनेच जावे लागते, पायवाट नाही. मातोश्रींना ती पाहण्याची मोठी इच्छा होती.

आमची नाव साडेतीन मीटरांहून किंचित लहान, आणि मागे पंधरा अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटर. नावेवरील पाटीप्रमाणे पाच माणसांस परवानगी. दोघे बसले की नाव पाण्यावर चढून सपाट धावे व ताशी तेहेतीस किलोमीटर वेग गाठी. परंतु पाचही जण बसले, की तिचे तोंड आकाशाकडे जाई, शेपूट पाण्यात रुते, आणि पूर्ण शक्ती देऊनही वेग तेरा किलोमीटरांपलीकडे जात नसे. सुकाणू धरणाऱ्यास समोरचे दिसेना आणि पेट्रोल मात्र धो धो जाई. अशा वेळी मातोश्री म्हणाल्या, “अरे, मी काठावर बसते. तुम्ही मुलांना घेऊन जाऊन या. मला तिथलं सांगा, म्हणजे झालं.” धाकट्याने हिशेब केला, “आजी उतरली तर नाव चढेल!” हिशेब बरोबर होता; परंतु तो मान्य करावयाचा की काय, हा खरा प्रश्न. वेगासाठी घरातल्या वडीलधाऱ्या माणसास काठावर ठेवावे, की माणसे तीच ठेवून नाव सुधारावी? आम्ही दुसरा मार्ग पत्करला.

या सुधारणेचा पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि ती वहीत लिहावी. वेग मोजावा तो उपग्रहाच्या साहाय्याने, एकदा वाऱ्याच्या दिशेने व एकदा उलट, आणि दोहोंची सरासरी घ्यावी. मोटरीचे मिनिटाचे फेरे मोजणारे लहान यंत्र ठिणगीच्या तारेला गुंडाळता येते, तेही हवेच.

प्रथम हवा. नळ्यांत पाव बार दाब भरावा, असे नावेवर लिहिलेले असते. उन्हात पस्तीस अंशांवर हवा भरून नाव पंधरा अंशांच्या पाण्यात सोडली, की आतली हवा आकसते आणि दाब ०.२५ वरून सुमारे ०.१७ वर येतो. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश घट! मऊ नाव मध्यावर वाकते, आणि वाकलेली नाव पाण्यावर चढत नाही. म्हणून नाव पाण्यात थंड झाल्यावर पंप पुन्हा मारावा, आणि परत काठावर उन्हात ओढताच थोडी हवा सोडावी.

दुसरे वजन. पेट्रोलची टाकी, नांगर, फराळाचे डबे, सारे मागे होते. ते पुढे नेले. सुकाणूच्या दांड्यास लांबीची जोड दिली, त्यामुळे चालविणाराही दोन हात पुढे बसू लागला. एवढ्यानेच तोंड खाली आले आणि चार माणसांनिशी नाव चढू लागली.

तिसरी मोटरीची उंची व कल. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती नावेच्या तळाशी साधारण समपातळीत असावी. मोटर फार खोल असेल तर पाणी अडते व तुषार उडतात. फार वर असेल तर पंखा हवा ओढतो, यंत्र किंचाळते, नाव मात्र पुढे जात नाही. आमची मोटर दोन सेंटिमीटर वर घेतली. कलाची खीळ एक भोक आत सरकविली, त्यामुळे नाव घोड्यासारखी उसळ्या घेत असे, तेही थांबले.

चौथा आणि निर्णायक, पंखा. पंख्याचा पीच म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात, पाणी लोण्यासारखे घट्ट असते तर, तो जितके इंच पुढे सरकला असता ते अंतर. आमचा पंखा दहा इंची होता. तो एकट्यादुकट्याच्या वेगास उत्तम. परंतु भरल्या नावेत यंत्राचे फेरे ४३०० वर अडकत, आणि निर्मात्याने सांगितलेली मर्यादा ५००० ते ६००० ची. चढावावर वरच्या गिअरमध्ये मोटार घातली म्हणजे जसे व्हावे, तसे हे होते. आठ इंची पंखा बसविताच फेरे ५४०० झाले. यंत्रातील दातेचक्रे फेरे सुमारे २.०८ ने कमी करतात. त्या हिशेबाने वेग ताशी जवळजवळ बत्तीस किलोमीटर यावा. पाण्यातील घसर एक पंचमांश धरली, तर पंचवीस. आम्ही मोजला तोही पंचवीसच. पाच माणसे, तीच नाव, तीच मोटर.

आता दोघांनिशी नाव पूर्वीसारखी तेहेतीस धावत नाही. फेरे मर्यादेबाहेर जाऊ नयेत म्हणून हात आवरावा लागतो. थोरल्यास प्रथम याचे वाईट वाटले. परंतु एकट्याचा वेग थोडा गेला आणि सर्वांचा जवळजवळ दुप्पट झाला, हा व्यवहार तोट्याचा कोण म्हणेल?

मातोश्री त्या कड्यापुढे नावेत बसून किती तरी वेळ हात जोडून होत्या. “कुणाचे का असेनात, पूर्वज ते पूर्वज,” एवढेच त्या म्हणाल्या.

बंधुभगिनीहो, वेगाबरोबर धोका येतो, हे सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. मोटरीला एक लाल दोरी असते. तिचे एक टोक यंत्रास व दुसरे चालकाच्या मांडीस बांधावयाचे; चालक पाण्यात पडला की यंत्र तत्क्षणी बंद पडते. ५ मे २०१३ रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे, कॅमल नदीच्या मुखाशी, सहा जणांचे एक कुटुंब हवेच्या नळ्यांच्या वेगवान नावेतून पाण्यात फेकले गेले. दोरी बांधलेली नव्हती. रिकामी नाव गोल गोल फिरत त्यांच्यावरच आली. वडील आणि आठ वर्षांची कन्या प्राणास मुकली, इतर जखमी झाले. हातभर दोरीची ही किंमत आहे. म्हणून आमच्या नावेत दोरी बांधल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, आणि ती बांधली की नाही हे पाहण्याचे काम धाकट्याकडे आहे. तो कुणाची भीड धरीत नाही.

न्यूझीलंडचा कायदा सांगतो, की किनाऱ्यापासून दोनशे मीटरांच्या आत, तसेच पोहणारा वा दुसरी नाव पन्नास मीटरांच्या आत असताना, वेग पाच नॉटांहून अधिक नसावा. प्रत्येकाच्या मापाचे लाइफ जॅकेट नावेत असलेच पाहिजे. आमच्याकडे ते अंगावर असते, आजीच्या लुगड्यावरसुद्धा. पेट्रोलचे तीन भाग करावेत, जाण्यास एक, येण्यास एक, आणि एक दैवासाठी. सरोवरावर वारा अर्ध्या तासात फिरतो. आकाश बदलले की फराळाचा डबा न उघडता परतावे.

येथे महाराष्ट्रात कुणास असा छंद जडला, तर धरणाच्या जलाशयात नाव घालण्यापूर्वी संबंधित खात्याची परवानगी घ्यावी आणि नोंदणीचे नियम समजून घ्यावेत. त्याहून आधी मुलांना, आणि मुलींनाही, पोहणे शिकवावे. नाव नसली तरी ही विद्या वाया जात नाही.

शेवटी एक नम्र सूचना. आपल्या संस्थेची वार्षिक सहल निघते, तेव्हा “आम्ही घरीच बरे” असे म्हणणारी वृद्ध मंडळी प्रत्येक घरात असतात. त्यांना खरोखरच यावयाचे नसते, असे नाही. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल, एवढीच त्यांची भीती असते. गाडीची पायरी, मुक्कामाची जागा, चालण्याचे अंतर, हे सर्व त्यांच्या बेताने आखावे. सहल थोडी सावकाश होईल. पण कुणी मागे राहणार नाही.