आईचा करंडा आणि नव्वद दिवस

१९९६ च्या दहावीच्या वर्गातल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी संगणकावर बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं होतं. पण काल रात्रीच्या गप्पांत लक्षात आलं, की आपल्यातल्या कितीतरी जणांवर आईवडिलांचं घर आवरायची वेळ आली आहे. म्हणून आज एका करंड्याबद्दल बोलते.

गेल्या वर्षी आई गेली. आर्वीच्या घरातली ट्रंक आवरताना आजीचा कुंकवाचा करंडा सापडला. पिवळसर पांढरा, झाकण तडकलेलं. वाटलं, झाकणाची दोन लॉकेटं करून घ्यावीत, एक बहिणीला, एक माझ्या लेकीला. एका कारागिराला फोटो पाठवला. तो म्हणाला, "ताई, आधी बघा हाड आहे का हस्तिदंत. हस्तिदंत असेल तर मी हात लावणार नाही."

मग भिंग घेऊन बसले. हाडावर बारीक काळपट ठिपके किंवा रेघोट्या दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्यांच्या खुणा. प्लास्टिक हलकं लागतं, कधी साच्याची शिवण दिसते. हस्तिदंत आडवा कापला, की एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषा दिसतात. त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. झाकणाच्या कडेजवळ त्या स्पष्ट होत्या. हत्तीच्या दातात त्यांचा कोन साधारण ११५ अंशांहून मोठा असतो, मॅमथच्या दातात ९० हून लहान. तापलेली सुई टोचून मात्र बघू नका. वस्तू खराब होते. आणि पक्की खात्री तज्ज्ञच देऊ शकतात.

कोणी म्हणेल, मॅमथ तर कधीच नामशेष झाला, त्याचा दात चालेल. तेही नाही. बलराम कुमावत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली मॅमथचा दातही बंदीतच धरला.

आपला वन्यजीव कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आलेल्याचाही. वस्तू शंभर वर्षं जुनी आहे, म्हणून सूट नाही. गुन्ह्याला किमान तीन वर्षं कैद आहे. वारसाने आलेली वस्तू मात्र ठेवता येते, पण वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ती जाहीर करावी लागते. चौकशी होऊन मालकीचा दाखला मिळतो. दाखला मिळाला तरी ती विकता येत नाही. दुसऱ्या राज्यात नेली, तर ३० दिवसांत कळवावं लागतं. म्हणून बंगळूरु-हैदराबादवाल्यांनो, आठवण म्हणून बॅगेत टाकून निघू नका. परदेशातल्यांनी तर मुळीच नाही.

मला हे कळलं तेव्हा साठ दिवस उलटले होते. आईकडे कसलाच दाखला नव्हता. बहीण म्हणाली, "घरातलीच वस्तू, कोण विचारतंय? ठेव परत ट्रंकेत." खरं सांगते, दोन आठवडे मी तसंच ठेवलं. अर्ज केला आणि करंडाच गेला तर, ही भीती होती. आजीचा हात लागलेली तेवढी एकच वस्तू आमच्याकडे उरली आहे.

पण पुढे तो लेकीला देताना काय सांगणार? "कुणाला दाखवू नकोस"? ज्या करंड्यातून आजी सगळ्यांसमोर कुंकू लावायची, तो लपवून द्यायचा मला नव्हता. शहात्तराव्या दिवशी अर्ज दिला, आईकडे दाखला नव्हता हेही त्यात लिहून. चौकशी झाली, वजन-मापं नोंदवून घेतली. दाखला यायचाय. हत्ती गेला आणि शेपूट राहिलंय, म्हणा! नाही मिळाला, तर करंडा सरकारजमा होईल. वाईट वाटेल, पण बहिणीलाही आता ते पटलंय.

लॉकेटं त्याच कारागिराने शिसवीची करून दिली. लेकीने आज घातलंय, तिकडे मागच्या रांगेत बसली आहे.

तेव्हा घरी गेल्यावर ट्रंका उघडा. फणी, सोंगट्या, करंडा, बांगडी, काही सापडलं तर कापू नका, विकू नका, दिवस मोजा. आणि आईवडील असतील, तर त्यांच्याजवळ बसून विचारा, हे कुणाचं, कुठून आलं. अर्जातला तो रकाना मला भरता आला नाही.