जुना पिकअप घेताना

सतत बंद पडणारी मोटार देऊन जुना पिकअप घ्यावा, असा विचार आपल्याकडं अनेक घरांत होतो. गुळाचे रवे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात न्यायचे असतील, तर तो रास्तच आहे. गिअरची गाडी गगनबावड्याचा घाट उतरताना खालच्या गिअरात इंजिनच्या जोरावर रोखून धरता येते, ब्रेक फारसे तापत नाहीत.

पण आधी क्लच तपासा. मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. ते गुरगुरत चालूच राहिलं, तर प्लेट झिजली आहे. ती बदलण्याचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. रंगावर भुलू नका, खाली वाकून चॅसीचा गंज बघा.

मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी लागतो. कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला पाहा, फॉर्म २९ आणि ३० भरा. आणि आपली मोटार दिल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवा. नाव तसंच राहिलं, तर उद्याच्या अपघाताची नोटीस तुमच्याच दारात येईल.