लष्करी कायद्यातील सात रविवार

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. भोंगा झाला की उठावे आणि भोंगा झाला की कामास लागावे, असा तेथील सहस्रावधी कुटुंबांचा दिनक्रम होता. मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चार भाषा तेथे एकाच बाजारात ऐकू येत. १८६० नंतर अमेरिकन मराठी मिशनने या गावी ठाणे घातले, आणि कालांतराने तेथे मराठी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली. मंडळी लहान, बहुतांशी गरीब. दुष्काळात पोरकी झालेली मुले, अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतील कुटुंबे, शाळामास्तर व गिरणीकामगार यांची ती होती.

१९३० च्या मे महिन्यात या गावावर मोठा प्रसंग ओढवला. ५ मे रोजी कराडी येथे महात्मा गांधींना अटक झाली, आणि पाठोपाठ सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या. गुरुवार, ८ मे रोजी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला. संतापलेल्या जमावाने चौकी व न्यायकचेरी जाळली. पोलीसही मारले गेले. गोरी कुटुंबे रेल्वेस्थानकाकडे हलविण्यात आली. पुढचे तीन दिवस गावात सरकार असे राहिलेच नाही. रहदारीही काँग्रेसचे स्वयंसेवक सांभाळीत होते. सोमवार, १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, आणि तो जूनअखेरपर्यंत टिकला.

पंचांग काढून पाहिले तर या मुदतीत सात रविवार येतात. त्यांपैकी ८ जूनचा रविवार पेंटेकॉस्टचा, म्हणजे भयाने दार लावून बसलेल्या शिष्यांना बाहेर येऊन बोलण्याचे बळ मिळाले, त्या सणाचा होता. सोलापुरात मात्र त्या दिवशी बाहेर येऊन बोलणे हाच गुन्हा ठरत होता. रात्री संचारबंदी, सभांस मनाई, आणि डोक्यावर गांधी टोपी दिसली तर ती उतरवून घेणारे शिपाई रस्त्यात उभे. ज्या मंडळीची आठवड्याची वीण दिवसभर राबून आलेल्यांच्या सायंप्रार्थनेवर असते, तिचे अशा कायद्याने काय होते, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

परंतु खरी अडचण संचारबंदीची नव्हती. ती विश्वासाची होती. शेजाऱ्याच्या दृष्टीने हा समाज साहेबाच्या धर्माचा. वस्तुतः येथील मिशनरी इंग्रज नव्हते, अमेरिकन होते. पण गोऱ्या कातडीत असा भेद जमाव करीत नाही. शिवाय पहिल्या महायुद्धानंतर परकी मिशनांकडून सरकारने लेखी हमी घेतलेली होती, की प्रस्थापित सरकारशी आज्ञाधारक राहू आणि राजकारणापासून दूर राहू. हमी मोडणाऱ्यास देश सोडावा लागे. १९३० सालीच मदुरेकडील कायथन नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यास गांधीजींच्या एका इंग्रज अनुयायास घरी ठेवून घेतल्याबद्दल परत जावे लागले. त्यातच सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहतीचा कारभार काही वर्षे याच मिशनने सरकारसाठी पाहिला होता. तेथे शाळा होती, औषध होते, आणि हजेरीही होती. हेतू दयेचा असला तरी हजेरी घेणारा हात शेवटी सरकारचाच दिसतो. हा डाग पुसणे सोपे नव्हे.

मग अशी मंडळी टिकते कशाच्या जोरावर? तिचे एक उत्तर फार जुने आहे. १८५४-५५ साली अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन या देशी आले. मंडळीने आपला पाळक आपणच पोसावा, आपला कारभार आपणच पाहावा, आपला प्रसार आपणच करावा, हा त्यांचा आग्रह. त्याच सुमारास, १८५४ साली, अहमदनगरास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. अँडरसन यांचे सर्वच निर्णय शहाणपणाचे होते असे नाही. इंग्रजी शाळा बंद करविण्याची त्यांची हौस मिशनला पुढे महाग पडली. तथापि पाळक गावचा, वडील गावचे आणि वर्गणी आण्या-पैशांची असेल, तर साहेब स्थानकावर असो की बंगल्यात, आजाऱ्याची विचारपूस व मयताची माती अडून राहत नाही. गिरणी बंद असली म्हणजे पगार नसतो, आणि तेव्हा ख्रिस्ती चूल व हिंदू चूल सारखीच विझते.

दुसरे उत्तर भजनांत आहे. लेखी हमीने मिशनऱ्याच्या जिभेला कुलूप लागले. पण मंडळी जी पदे गात होती त्यांतील कित्येक रेव्हरंड नारायण वामन टिळकांची होती. टिळक १९१९ साली वारले. ख्रिस्ती झाल्याने आपण कमी भारतीय झालो, हे या देशभक्ताने कधीच मान्य केले नाही. अभंगाच्या चालीवर उपासना चालली असता बाहेरून जाणाऱ्यास ती परक्यांची वाटणे कठीणच. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातील व्हेरिअर एल्विन यांनी तर १९३० सालीच सत्याग्रह व ख्रिस्ताची शिकवण यांचे नाते उघड लिहून दाखविले. हे धैर्य खरेच. परंतु गिरणीच्या चाळीत शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्याचे धैर्य निराळ्या जातीचे असते. त्याला पत्रक काढता येत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी त्याच नळावर पाणी भरावयाचे असते.

लष्करी कायदा उठल्यानंतरचा पहिला रविवार ६ जुलैचा. गावचे दुःख मात्र तेथे संपले नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून येरवड्यास फाशी देण्यात आली. तो १२ जानेवारी १९३१ चा सोमवार होता. आदल्या दिवशी, रविवारी, मराठी देवळांतून नेहमीप्रमाणे राज्यकर्त्यांसाठी आणि बंदिवानांसाठीही प्रार्थना करावयाची होती. त्या दोन प्रार्थना एका श्वासात म्हणणे सोलापूरकर ख्रिस्ती माणसाला किती जड गेले असेल!