कारागिरांचे ज्ञान आणि कारागिरांचे हक्क
(व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गोष्टीची नोंद नाही, ती न्यायालयात सिद्ध करणे कठीण जाते. श्रमाचेही तसेच आहे. म्हणून आज मी अठराव्या शतकातील फ्रान्समधील एका ग्रंथाविषयी बोलणार आहे.

दिदरो व दालांबेर यांच्या ‘आंसिक्लोपेदी’ ह्या ज्ञानकोशाचा पहिला खंड १७५१ साली निघाला. पुढे मजकुराचे १७ व चित्रांचे ११ खंड झाले. चित्रांचे काम १७७२ मध्ये संपले. १७५९ साली राजसत्तेने ग्रंथाचा परवाना रद्द केला, तरी काम थांबले नाही.

दिदरोचा बाप सुऱ्या व शस्त्रक्रियेची हत्यारे घडविणारा कारागीर होता. बुद्धीची कामे थोर आणि हातांची हलकी, हा भेद दिदरोने पहिल्याच खंडात खोडून काढला. पायमोजे विणणाऱ्या यंत्रावर त्याने स्वतः लेख लिहिला. गूसिये ह्या चित्रकाराने शेकडो चित्रे काढली. चित्राच्या वरच्या भागात कारखाना व काम करणारी माणसे, खाली हत्यारांचे सुटे भाग, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असे. साधी टाचणी घ्या! तिच्या घडणीच्या १८ क्रिया तेथे क्रमवार सांगितल्या आहेत.

त्या काळी धंद्यांवर कारागीर-श्रेणींची मक्तेदारी होती. कसब गुप्त राखले जाई आणि उस्तादाच्या मुलाला प्रवेश सुलभ असे. ते गुपित ह्या ग्रंथाने चव्हाट्यावर मांडले.

परंतु त्याची मर्यादाही ओळखा. चित्रांतील कारखाने स्वच्छ आहेत, कामकरी शांत आहेत. घाम आणि थकवा क्वचितच दिसतो. बहुतेकांची नावेही नाहीत. मूळ वर्गणी २८० लिव्र, म्हणजे मजुराची कित्येक महिन्यांची कमाई. ज्याचे ज्ञान, त्यालाच ग्रंथ दुर्मिळ!

१७९१ साली श्रेणी मोडल्या. पण त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने मजुरांच्या संघटनेस बंदी झाली. कामगार संघांना कायदेशीर मान्यता मिळावयास १८८४ साल उजाडले. ज्ञान खुले झाले म्हणून हक्क आपोआप मिळत नाहीत. ते संघटितपणे मिळवावे लागतात.

तेव्हा आपल्या घरातील वृद्धांचे कसब त्यांच्या नावानिशी वहीत उतरवून ठेवा. मात्र नोंद ठेवणे म्हणजे मुलाला बापाच्या धंद्याला जखडणे नव्हे. कसबाचा मान राखावा. धंदा मुलाने स्वतः निवडावा.